माडीवरचा कावळा

टॅटूच्या दुकानात किस्से साठतात, त्याला कारण आहे. माणूस तासन्‌तास खुर्चीत अडकलेला असतो. हलायचं नाही, सुई टोचतेय, आणि ओरडायची लाज वाटतेय. मग तो बोलायला लागतो. ठरलेली लग्नं, मोडलेली लग्नं, साहेब, सासू, सगळं बाहेर येतं. आम्ही मान खाली घालून काम करतो आणि कान उघडे ठेवतो. मैत्रिणी म्हणतात, लिहून ठेव. मी म्हणते, लिहायला बसले तर काम कोण करणार?

पण त्या एका वर्षातले किस्से सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. त्या वर्षी गिऱ्हाईक खुर्चीत बसून घाबरायचं आणि मी शेजारी उभी राहून त्याच्यापेक्षा जास्त घाबरलेली असायचे. दुकान राहतंय की जातंय, हेच कळत नव्हतं.

मी मधुरा, मूळची कराडची. लग्न करून तंजावूरला आले. माझा नवरा व्यंकट इथल्या जुन्या मराठी घरातला. मराठा राजांच्या काळात ही मंडळी इकडे आली आणि इथलीच झाली. घरात मराठी बोलतात, बाहेर तमिळ, आणि भांडताना दोन्ही. राजवाड्यामागच्या गल्लीत व्यंकटच्या आत्याचं घर आहे. अंबूआत्या. शाळेत हेडमिस्ट्रेस होती, आता निवृत्त. मूलबाळ नाही. यजमान माधवराव जाऊन बरीच वर्षं झाली. माडीवरची रस्त्याकडची खोली त्यांची होती, वाचायची आणि दुपारी पडायची. ते गेल्यापासून आत्या जिना चढलेली नव्हती. गुडघे दुखतात, असं सांगायची.

ती खोली आम्ही भाड्यानं मागितली. मी म्हटलं, “आत्या, गोंदायचं दुकान काढतेय.” आत्याच्या हातावर लहानपणी गोंदलेलं तुळशीवृंदावन आहे, बारीक हिरव्या ठिपक्यांचं. तिला वाटलं, आम्ही हेच काढणार. “गोंदतेस? बरें,” ती म्हणाली. “आतां कोण गोंदतें?” आणि किल्ली हातात दिली. मी खोटं बोलले नव्हते. पूर्ण खरंही बोलले नव्हते.

मग दुकानातला माझा पार्टनर सेल्वम आला.

*

सेल्वमला गॉथिकचं वेड आहे. गॉथिक म्हणजे टोकदार कमानी, कवट्या, काळे गुलाब, वटवाघळं, क्रॉस, डोमकावळे. युरोपातल्या जुन्या चर्चांतून, तिकडच्या कबरींच्या दगडांवरून, शोकाच्या काळ्या कपड्यांतून आलेली ही सगळी चित्रं. लहानपणी आईनं नवस फेडायला वेलांकण्णीच्या चर्चला नेलं, तिथं त्यानं पहिली टोकदार कमान पाहिली आणि गडी कामातून गेला. तंजावूरच्या उन्हात हा माणूस काळा शर्ट, काळी पँट आणि वाढलेली दाढी घेऊन फिरतो.

आता तमिळनाडूत काळे कपडे आणि दाढी म्हटल्यावर लोकांना एकच गोष्ट आठवते. शबरीमलै! आत्यालाही तेच वाटलं. पोरगा अय्यप्पाचं व्रत करतोय. ती त्याला “सामी” म्हणायला लागली. अनवाणी नाही म्हणून एकदा दटावलं, पण तेवढंच. बाकी त्याच्यासाठी वेगळ्या पेल्यात ताक यायचं. गल्लीतल्या बायका वाटेतून बाजूला व्हायच्या. सेल्वमला खरं सांगायचं होतं, मी सांगू दिलं नाही. म्हटलं, खोली नीट लागू दे, मग सांग.

यात्रेचा हंगाम संपला. लोक जाऊन आले, दाढ्या उतरल्या, सगळे पुन्हा रंगीत कपड्यांत आले. सेल्वम तसाच. आत्यानं आणखी थोडे दिवस वाट पाहिली. मग एका सकाळी ताक देताना तिनं त्याला विचारलं, “सामी, तुम्ही चालत गेलांत कीं काय? अजून पोंचलां नाहींत?”

*

बोर्ड लागला त्या दिवशी ताक बंद झालं.

बोर्ड सेल्वमनं स्वतः रंगवला होता. टोकदार कमान, कमानीत कवटी आणि कवटीवर बसलेला भलामोठा काळा कावळा. काम उत्तम होतं, पीस न्‌ पीस सुटं दिसत होतं. खिडकीबाहेर एक छज्जा आहे, त्याच्या वर आम्ही तो ठोकला. आत्या रस्त्यावर उभी राहून बघत होती. सेल्वम उत्साहानं तिला समजावायला गेला, की अम्मा, मरणाकडे न घाबरता बघायची ही कला आहे.

“मरण पाहायास दुकान कशास?” आत्या म्हणाली. “बसल्या जागीं थांबलें कीं तें येतेंच.”

नेमके तेव्हाच तिचे धाकटे दीर गोपाळराव चेन्नईहून आलेले. त्यांनी बोर्ड पाहिला आणि कपाळाला हात लावला. दादाच्या खोलीवर कवटी! त्यांचं म्हणणं, ही पोरं काढा, खोलीला एसी बसवा, मोठं देऊळ बघायला येणाऱ्या टुरिस्टांना द्या. आत्यानं त्यांचंही ऐकून घेतलं, आमचंही. मग निकाल दिला, म्हणजे निकालाची तारीख दिली. महालय पक्षात माधवरावांची तिथ असते. तिथ होईपर्यंत त्यांच्या खोलीतलं काही हलवायचं नाही. तिथ झाली की ती सांगेल, राहायचं का जायचं.

“तोंवर मजकडे एक तक्रार येतां कामा नये,” ती मला म्हणाली. “एक. समजलें?”

समजलं होतं. जुन्या तंजावुरात टॅटूवाल्याला खोली देणारं दुसरं घर नव्हतं, आम्ही सगळीकडे विचारून झालं होतं. खोली गेली तर सेल्वम बंगळूरला जाणार आणि मी लग्नाच्या मेंदीच्या ऑर्डरी घेत हिंडणार. मला या कामाशिवाय दुसरं काही मनापासून येत नाही. त्या दिवसापासून जिन्यावर पाऊल वाजलं की मी हातातली सुई ठेवून दाराकडे बघायचे.

*

पहिलं पाऊल वाजलं ते फुलवाल्या पुष्पमचं. कोपऱ्यावर गजरे विकते. अमावास्या होती. पुष्पम केळीच्या पानावर भात घेऊन वर आली, काही न विचारता खिडकीशी गेली, छज्ज्यावर पान ठेवलं, बोर्डावरच्या कावळ्याला हात जोडले आणि निघाली.

मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, एवढा मोठा कावळा दारावर बसवलाय तुम्ही, त्याला उपाशी ठेवता?

इकडे घरोघरी जेवायच्या आधी कावळ्याला भात ठेवतात. कावळा म्हणजे पितर. युरोपातला डोमकावळा मरणाची बातमी घेऊन येतो, इथला कावळा मेलेल्या माणसाची भूक घेऊन येतो. सेल्वमनं चित्र काढलं तिकडचं, लोकांनी वाचलं इकडचं. पुढच्या अमावास्येला तीन पानं आली.

मग खरे कावळे यायला लागले. छज्ज्यावर बसायचे, खिडकीतून आत डोकवायचे. एकदा बँकेतले एक गृहस्थ खुर्चीत होते, खांद्यावर डोमकावळाच काढून घेत होते. अर्धं झालं होतं. एवढ्यात एक कावळा सरळ आत आला, ट्रेमधला काळा ग्लोव्ह उचलला आणि निघून गेला. माझी सुई हवेत थांबली. गृहस्थ ओरडले असते तर खाली आत्या ओट्यावरच होती. ते ओरडले नाहीत. खिडकीकडे बघत हळूच म्हणाले, “मॉडेल गेलं की हो. आता उरलेला कशावरून काढणार?”

त्यावर तोड सेल्वमनं काढली. टपरीवरून तो रोज दुपारच्या आधी कांदा घातलेला डाळवडा आणायचा. त्यातला अर्धा त्यानं छज्ज्यावर ठेवायला सुरुवात केली. कावळे वेळेवर यायचे, वडा घ्यायचे, आत शिरायचे नाहीत. आत्याला यातलं काही कळायचं कारण नव्हतं. ओट्यावर पत्र्याचं छप्पर आहे, खालून छज्जा दिसत नाही. माधवरावांच्या खिडकीत टपरीचा वडा! हे तिला कळलं असतं तर दुसऱ्या कुणाच्या तक्रारीची गरजच उरली नसती.

*

खरीखुरी तक्रार घेऊन आले ते ओरत्तनाडू गावचे, एका गिऱ्हाइकाचे वडील. सरकारी नोकरी, इस्त्रीचा शर्ट, तोंड लाल. त्यांच्या मुलानं, कार्तिकनं, आमच्याकडून मनगटापासून कोपरापर्यंत कावळा काढून घेतला होता. ते गल्लीत शिरले तेव्हा मी खिडकीत होते. मला वाटलं वर येतील. नाही आले. ओट्यावर पांढऱ्या केसांची बाई बसलेली बघून तिच्यासमोरच उभे राहिले आणि विचारलं, घरमालकीण आपण का?

मी जिना कसा उतरले मला आठवत नाही.

वडील सांगत होते. कार्तिकच्या आजीनं हातावरचा कावळा बघितला आणि रडली. तिच्या मते नातवाच्या हातावर आजोबा येऊन बसलेत. त्या दिवसापासून घरात पहिलं पान कार्तिकला. वडिलांना नंतर. बाजारात जायचं तर आजी आधी नातवाच्या हाताला सांगून जाते. शेताचा एक तुकडा विकायचा ठरला होता, तर म्हणते, त्यांना विचारा. विचारलं, तर कार्तिक म्हणतो, आजोबा नको म्हणतात!

मी आत्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिथं काही दिसेना. हेडमिस्ट्रेस माणसं अशीच, शेवटच्या ओळीपर्यंत ऐकून घेतात. मी माफी मागायला तोंड उघडलं. वडील म्हणाले, माफी नको, दुरुस्ती पाहिजे. कावळ्याचं तोंड कोपराकडे आहे. म्हणजे हात पुढे केला की घरच्यांकडे पाठ. आई रोज रडते, की ते आमच्यावर रागावलेत. “तोंड फिरवून द्या,” ते म्हणाले. “तेवढं करून द्या, बाकी मी सोसतो.”

टॅटूतल्या कावळ्याचं तोंड फिरवता येत नाही, हे मी त्यांना सांगणार होते. त्याआधी आत्या बोलली. तिनं आपली काठी उचलून हवेत दिशा दाखवली. “समोर दुसरा काढून दे,” ती मला म्हणाली. “ह्याकडे तोंड करून. बोलत बसलेत म्हणतील.”

सेल्वमनं कोपराच्या वर दुसरा काढला. आजी रडायची थांबली. आत्यानं ही तक्रार धरली का नाही, ते मात्र तिनं सांगितलं नाही, आणि विचारायची माझी छाती झाली नाही.

*

पोलीस आला तो दिवस तर मी विसरणार नाही. युनिफॉर्ममधला इन्स्पेक्टर, बुलेट नेमकी आत्याच्या ओट्यासमोर लावली, वर आला, आणि आल्या आल्या दार लावून घेतलं. कुणीतरी आमचं नाव दिलंय, दुकानाला सील लागणार, असं माझ्या मनात आलं. सेल्वमनं तर हात वर केले, कुणी सांगितलं नसताना.

इन्स्पेक्टर शर्टाची बटणं काढायला लागला. त्याला छातीवर कवटी हवी होती. रोज अपघात, रोज मयतं, रोज पंचनामे. तो म्हणाला, डोळ्यांसमोर आहेच, एकदा अंगावर घेतली की भीती तरी जाईल. मला ते पटलं. सेल्वमच्या सगळ्या भाषणांपेक्षा ते जास्त पटलं. युनिफॉर्मबाहेर दिसता कामा नये म्हणून छातीवर. पण बायकोची एक अट होती. घरात उघडी कवटी फिरलेली तिला चालणार नव्हती. कवटीच्या कपाळावर विभूती पाहिजे, भस्माचे तीन आडवे पट्टे, नीट ओढलेले.

सेल्वम हळहळला. गॉथिक कवटीला विभूती! त्याची कला बाटत होती. मी त्याच्या पायावर पाय दिला. काढली. आणि सांगायला हरकत नाही, इतकी शांत कवटी मी दुसरी पाहिलेली नाही. तिचं चित्र आम्ही भिंतीवर लावलं आणि पुढं लोकांनी तेच मागितलं.

इन्स्पेक्टर गेल्यावर आत्यानं मला खाली बोलावलं. पोलीस कशास आला होता? आता खरं सांगितलं तर कवटी, खोटं सांगितलं तर पाप. मी म्हटलं, विभूती लावून घ्यायला आला होता. “दार लावून?” आत्या म्हणाली.

*

एक जर्मन बाई आली. तिच्या पाठीवर अख्खं चर्च होतं, खिडक्यांच्या नक्षीसकट. सेल्वम तिच्या पाठीभोवती प्रदक्षिणा घालत होता. तिला मात्र चर्चचं काही कौतुक नव्हतं. तिला इथलं काहीतरी हवं होतं, खरं, जुनं. देवळातला व्याळ दाखवला, नको. कीर्तिमुख दाखवलं, नको. मग ती खिडकीशी गेली, खाली वाकली आणि म्हणाली, ते.

ओट्याच्या कडेला, छपराबाहेर, आत्याचा हात दिसत होता. ती पापड वाळत घालत होती. हातावरचं वृंदावन.

ती बाई खाली जाऊन तिच्याजवळ बसलीसुद्धा. मी मध्ये दुभाषी. बाई सभ्य होती, हात जोडून विचारत होती, याची नक्कल घेऊ का. पण आत्या चिडली नाही. तिनं पदर सारून हात उन्हात धरला, त्या बाईला नीट बघू दिलं. मग म्हणाली, “नाहीं. हें देतां यायचें नाहीं.”

बाईनं कारण विचारलं. आत्या मला मराठीत सांगत होती, तिच्या त्या जुन्या मराठीत, आणि मला इंग्रजी सुचेना. मेल्यावर अंगावरचं सगळं इथं काढून घेतात. दागिने, कुंकू, लुगडं. गोंदण तेवढं बरोबर जातं. तिकडे गेल्यावर माधवरावांनी तिला ओळखायचं ते त्यावरूनच. “आतां केस गेले, दांत गेले,” ती म्हणाली. “दुसरी कोणी हेंच घेऊन आधीं पोंचली तर ते तिच्यामागें जातील. तसे ते भोळेच होते.”

बाई हसली. आत्या हसली नाही. मी त्या दिवशी वर जाऊन पुष्कळ वेळ काम केलं नाही. ज्या खोलीसाठी मी इतकी धडपडत होते ती कुणाची खोली आहे, हे मला तेव्हा नीट कळलं.

*

पक्ष सुरू झाला आणि गोपाळराव एका सुताराला घेऊन आले. आमचं गिऱ्हाईक खुर्चीत होतं, पोटरीवर काळा गुलाब चालू होता. सुतार टेप घेऊन आमच्याभोवती खोली मोजत होता. पलंग इथं, कपाट तिथं. गिऱ्हाइकाला म्हणाला, पाय जरा उचला. त्यानं उचलला. मी सुई घेऊन पायाबरोबर वर गेले. गोपाळराव म्हणाले, पक्ष संपला की काम सुरू करायचंय, तुम्ही तोवर आवरून ठेवा. मी म्हटलं, आत्यांनी अजून सांगितलेलं नाही. ते म्हणाले, वहिनी काय सांगणार, मीच श्राद्ध करणार, मलाच कळतं दादाला काय हवं असेल ते.

ते गेल्यावर गिऱ्हाईक मला म्हणालं, “मॅडम, आज पुरा होईल ना गुलाब? का उरलेला तुमच्या नव्या पत्त्यावर?”

*

तिथीच्या दिवशी दुकान बंद. मी सकाळपासून खाली स्वयंपाकघरात, ओलेत्या साडीत, खीर आणि वडे आणि अंबटभात. सेल्वमला मी बजावून ठेवलं होतं, आज वर मशीन नाही, आवाज नाही आणि छज्ज्यावर टपरीचा वडा तर अजिबात नाही. निदान आज तरी नको. तो वर बसून मुकाट्यानं चित्र काढत होता.

पिंड झाले. गोपाळरावांनी परसातल्या विहिरीच्या कठड्यावर कावळ्याचं पान ठेवलं. सगळे मागे सरकून उभे राहिलो. कावळा शिवल्याशिवाय कुणी जेवायचं नाही.

कावळा आला नाही.

गोपाळरावांनी बोलावलं. व्यंकटनं बोलावलं. भटजींनी बोलावलं. ऊन तापलं, खिरीवर साय धरली. एरवी परसात कावळ्यांना हाकलायला लागतं, त्या दिवशी तिथला पिंपळ रिकामा. मग नेहमीचं सुरू झालं, दादा तुझी काय इच्छा राहिली? गोपाळराव हात जोडून एकेक कबूल करायला लागले. काशीला जाऊन येतो. वहिनींना अंतर देणार नाही. विहीर बुजवणार नाही. पान तसंच. शेवटी त्यांचा आवाज चढला. “दादा, तुझ्या खोलीत कवट्या टांगल्यात म्हणून रागावलास ना? काढतो. आजच काढतो त्यांना.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कावळा तरीही आला नाही.

पण मला आवाज येत होता. घराच्या दुसऱ्या बाजूनं, रस्त्याकडून, एकसारखी कावकाव. मी कुणाला न सांगता जिन्यानं वर पळाले.

छज्ज्यावर कावळे बसले होते, खांद्याला खांदा लावून. बोर्डावर, खिडकीच्या गजांवर, समोरच्या तारेवर. गल्लीतले सगळे. आणि सगळे सेल्वमकडे बघत होते. तो कोपऱ्यात भिंतीला चिकटून उभा. “अक्का, मी काही दिलेलं नाही,” तो पुटपुटला. “तुम्ही सांगितलंत म्हणून दिलेलं नाही.” मी पदर झटकून त्यांना हुसकलं. उडाले, एक फेरी मारली, पुन्हा येऊन बसले.

खाली जाऊन सांगायचं काय? माधवरावांचे कावळे आम्ही डाळवड्याची चटक लावून पळवले? मला रडू यायला लागलं. आणि तेवढ्यात जिन्यावर काठी वाजली.

एक पायरी, थांबणं, मग दुसरी पायरी. मागून गोपाळरावांचा आवाज, वहिनी गुडघे, वहिनी तुम्ही कशाला. आत्या दारात आली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात कावळ्याचं पान. धाप लागलेली. माधवराव गेल्यापासून ती पहिल्यांदा या खोलीत पाऊल टाकत होती. तिनं भिंती पाहिल्या. कमानी, गुलाब, वटवाघळं. विभूतीवाल्या कवटीपाशी तिची नजर जरा थांबली. मग खिडकीतला प्रकार पाहिला. चालत खिडकीशी गेली आणि पान छज्ज्यावर ठेवलं.

हात मागे घ्यायच्या आत कावळा शिवला. भात नाही, खीर नाही. त्यानं वडा उचलला.

गोपाळराव दारातच खाली बसले. ओलं धोतर, जोडलेले हात, डोळ्यांतून पाणी. “राहू दे वहिनी,” ते म्हणाले. “दादाची खोली आहे तशी राहू दे. हा बोर्डसुद्धा राहू दे.”

“बरें,” आत्या म्हणाली.

खालून पानं वाढायची घाई ऐकू आली. गोपाळराव डोळे पुसत उतरले. मी आत्याला धरायला पुढे झाले, पण तिनं मला बाजूला केलं. ती खिडकीशी आणखी थोडी उभी राहिली, कावळे बघत, आणि मग एकटीच दाराकडे निघाली. सेल्वम अजून भिंतीला चिकटलेला होता. त्याच्याजवळ येऊन ती थांबली आणि आवाज खाली आणून म्हणाली,

“सामी, उद्यांपासून वड्यांत कांदा नको. ह्यांस कधीं सोसत नव्हता.”